दर पंधरवड्याला नवे गुरुजी : सिएम रीपजवळच्या एका इंग्रजी वर्गाचं प्रकरण

कंबोडियातलं सिएम रीप हे शहर अंगकोर वाटच्या पर्यटनावर जगतं. शहराच्या कडेची घरं संपून भातशेती सुरू झाली की गावागावांत पत्र्याच्या शेडखाली चालणारे मोफत इंग्रजी वर्ग दिसू लागतात. शिकवणारे बहुतेक परदेशी स्वयंसेवक असतात. कुणी विद्यापीठाच्या सुट्टीत आलेला असतो, कुणी नोकरीतून दोन आठवड्यांची रजा काढून आलेली असते. इथे मांडलेलं प्रकरण कुठल्याही एका संस्थेचं नाही. अशा वर्गांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका वर्गात बसवून लिहिल्या आहेत आणि वर्गाचे आकडे नमुन्यादाखल आहेत. देशाची, भाषेची आणि धोरणांची माहिती मात्र आहे तशी दिली आहे.

वर्गात ६० मुलं, वय ७ ते १३. वयानुसार २०-२० च्या तीन तुकड्या, प्रत्येकीला रोज एक तास, आठवड्याचे पाच दिवस. एका एजन्सीमार्फत दर दोन आठवड्यांनी दोन नवे स्वयंसेवक येतात. स्वयंसेवक एजन्सीला शुल्क देतात आणि त्यातला काही भाग वर्गाला मिळतो. कायमची माणूस एकच : गावातलीच, बारावी झालेली एक तरुणी. मुलं तिला 'नेअक क्रू', म्हणजे बाई म्हणतात. हजेरी घेणं, शेड झाडणं, कुणी रडलं तर घरी पोहोचवणं आणि पाहुण्यांचं बोलणं ख्मेर या तिथल्या भाषेत सांगणं ही तिची कामं. साठही मुलांची नावं फक्त तिलाच ठाऊक, पण शिकवायला मात्र तिला कुणी सांगितलेलं नाही.

गावाला वर्ग हवाच असतो. ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत (१९७५ ते १९७९) शिकलेली माणसं मारली गेली, शाळा बंद पडल्या आणि शिक्षकांची एक पिढीच नाहीशी झाली. सरकारी शाळा आजही अनेक ठिकाणी दोन पाळ्यांत भरतात, त्यामुळे मुलाला अर्धा दिवस मोकळा असतो. त्या वेळात पैसे भरून शिकवणी लावायची प्रथा जुनी आहे, पण ती सगळ्यांना परवडत नाही. हॉटेल, उपाहारगृह, टुकटुक, गाईड अशा सिएम रीपमधल्या प्रत्येक कामात इंग्रजी येणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतात. अशा ठिकाणी फुकट इंग्रजी आणि वर गोरा शिक्षक म्हटल्यावर आईबाप मुलांना पाठवणारच.

चाचणीत काय दिसलं

तक्रार साधी होती : मुलं दोन-दोन वर्षं येताहेत, पण पुढे सरकत नाहीत. म्हणून नव्याने काही शिकवण्याआधी प्रत्येक मुलाची एकट्याने पाच मिनिटांची तोंडी चाचणी घ्यायची. ती नेअक क्रूनेच घ्यायची, कारण परदेशी माणसापुढे मूल एक तर गप्प बसतं किंवा पाठ केलेलं म्हणून दाखवतं. चाचणीचे पाच भाग : २० चित्रांची नावं, १० अक्षरांचे उच्चार (नावं नव्हे), ५ तीन-अक्षरी शब्दांचं वाचन, ३ सूचना ऐकून कृती आणि ५ साधे प्रश्न.

असे वर्ग ज्यांनी पाहिले आहेत त्यांना निकाल ओळखीचा वाटेल. 'हाऊ आर यू'ला मूल एका दमात 'आय ॲम फाइन, थँक्यू, अँड यू?' म्हणतं. पाठोपाठ 'हाऊ ओल्ड आर यू' विचारलं तरी उत्तर 'आय ॲम फाइन' हेच येतं. रंग, प्राणी, फळं आणि शरीराचे अवयव धडाधड सांगता येतात. ए ते झेड गाऊन दाखवता येतं, पण 'पिन' हा लिहिलेला शब्द वाचता येत नाही. तेरा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी वाचनात एकाच पायरीवर आहेत.

कारण शोधायला हिशोब पुरतो. बारा आठवड्यांत सहा जोड्या येतात. प्रत्येक जोडीचे दहा दिवस, म्हणजे तुकडीमागे ६० तास. प्रत्येक जोडीचे पहिले दोन-तीन दिवस नावं विचारण्यात आणि 'तुम्हाला काय काय येतं' हे चाचपण्यात जातात. शेवटचा दिवस निरोपाचा, खाऊचा आणि फोटोंचा. उरले सहा-सात दिवस. ६० पैकी शिकवण्याचे तास जेमतेम ४० आणि ते सगळे त्याच त्या पहिल्या दोन आठवड्यांच्या मजकुरावर. मागच्यांनी काय घेतलं याची नोंद नसल्यामुळे नवा माणूस रंगांपासून सुरू करतो, मुलांना रंग येतातच म्हणून ती मोठ्याने ओरडून सांगतात आणि वर्ग छान चालला आहे असं त्याला वाटतं. यात स्वयंसेवकाचा आळस किंवा बेफिकिरी शोधण्यात अर्थ नाही. उत्तम प्रशिक्षित शिक्षक आणून बसवला तरी पंधरवड्याला बदलला जात असेल तर निकाल हाच लागेल.

ख्मेर बोलणाऱ्या मुलाची अडचण

पाहुण्या शिक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही ती ही बाब, आणि शिकवण्याची निम्मी दिशा तिच्यावर ठरते.

ख्मेरमध्ये शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षरं भरपूर आहेत, त्यामुळे 'स्कूल', 'स्पून' यांचा मुलांना त्रास नाही. 'इस्कूल' इथे ऐकू येत नाही. त्रास होतो तो शब्दाच्या शेवटी. अखेरचे प, त, क, म, न चालतात, पण प, त, क तोंडातच दाबले जातात. अखेरचा 'स' ख्मेर लिपीत लिहिला तरी उच्चारात 'ह'कडे झुकतो. आणि 'आय'सारख्या जोडस्वरानंतर आणखी व्यंजन येत नाही. म्हणून 'फाइव्ह', 'फाइन' आणि 'फाइट' तिन्ही 'फाइ' होतात. बाजारात पाच डॉलर सांगताना हा घोळ नडतो. ग, श आणि इंग्रजी 'एफ', 'झेड' या अक्षरांचे फ, झ हे मूळ ख्मेर ध्वनी नाहीत, त्यामुळे 'गो'चं 'को' होतं.

व्याकरणात क्रियापद काळानुसार बदलत नाही, अनेकवचनाला प्रत्यय नाही आणि विशेषणाआधी 'इज' लागत नाही. 'येस्टरडे आय गो', 'टू बुक', 'ही हंग्री' ही मुलाच्या दृष्टीने पूर्ण वाक्यं आहेत. लिहिताना ख्मेरमध्ये शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, म्हणून मुलं इंग्रजी वाक्यही सलग लिहितात. पाहुणा त्याला गबाळेपणा समजतो. दोन शब्दांमध्ये बोट ठेवून लिहायला लावलं की काही दिवसांत ही सवय जाते. उच्चारांना मात्र महिने लागतात.

बदल

सगळ्यात आधी भूमिका उलट्या केल्या. वर्ग नेअक क्रू घेणार, स्वयंसेवक मदतनीस. हे कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात पहिले तीन आठवडे मूल उत्तर देताना बघतं परदेशी माणसाकडेच, शाबासकी तिथूनच हवी असते. बाईही संकोचतात, कारण चुकीचं इंग्रजी बोललो तर पाहुण्यांसमोर फजिती होईल अशी भीती. उपाय दोन. स्वयंसेवकाने वर्गात मागे, मुलांच्या रांगेत बसायचं आणि मूल त्याच्याकडे वळलं की हाताने बाईंकडे दाखवायचं. शिवाय वर्गात बाईंची चूक कधीही दुरुस्त करायची नाही, ती वर्ग सुटल्यावर सांगायची. या काळात हजेरी घटते. गोरा शिक्षक शिकवत नाही म्हटल्यावर काही पालकांचा उत्साह ओसरतो. तेवढं सोसावं लागतं.

तुकड्या वयावरून नव्हे, चाचणीवरून पाडल्या. मोठ्या मुलांना लहानांबरोबर बसायची लाज वाटते, म्हणून बारा-तेराच्या मुलांसाठी संध्याकाळची वेगळी वेळ ठेवली.

रोजचा तास ठरलेला : १० मिनिटं कालची उजळणी, १५ मिनिटं ध्वनी आणि वाचन, १५ मिनिटं बोलणं, १० मिनिटं लेखन, १० मिनिटं खेळ. वाचनाची सुरुवात ए, बी, सी या क्रमाने नाही. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं आधी, आणि तीही ध्वनीने : 'एस' नव्हे, 'स्स'. एवढ्यावर सॅट, पिन, टॅप, टिन, पॅन, नॅप असे बरेच शब्द जुळतात, म्हणजे पहिल्याच आठवड्याच्या शेवटी मूल खरोखर वाचतं. ख्मेर मुलांना हा क्रम विशेष सोयीचा, कारण शेवटचे प, त, न त्यांच्या ओळखीचे. अखेरचा 'स' मुद्दाम चौथ्या आठवड्यात घ्यायचा : एका टोपीचं आणि तीन टोप्यांचं कार्ड समोर, बाई 'कॅप' किंवा 'कॅप्स' म्हणणार, मुलाने योग्य कार्डावर हात ठेवायचा. आधी ऐकून ओळखता आलं पाहिजे, उच्चार मागून येतो. बरेच जण उलटं करतात आणि मुलाला दहादा 'कॅप्स' म्हणायला लावतात. ज्या कानाला फरकच ऐकू येत नाही त्याच्या तोंडातून तो येणार कसा?

बोलण्यासाठी आठवड्याला वाक्याचा एकच साचा आणि १५ शब्द. सोमवार ते बुधवार रोज पाच नवे, गुरुवारी फक्त उजळणी, शुक्रवारी दोन-दोन मुलांची तोंडी तपासणी. बारा आठवड्यांत १८० शब्द होतात. स्वयंसेवकांना हे फार कमी वाटतं आणि 'मुलं हुशार आहेत, आणखी घेऊ' असा आग्रह होतो. घेऊ नये. आधीच्या पद्धतीत शेकडो शब्द कानावरून गेले होते, हाती लागले ते रंग आणि प्राणी.

आता वही. वर्गाची एकच टाचण वही, शाळेतल्या मास्तरांसारखी. रोज एक पान : तारीख, तुकडी, कोणता साचा घेतला, कोणते पाच शब्द, कोणाला जमलं नाही त्यांची नावं, उद्या कुठून सुरुवात. हे त्याच दिवशी, शेड सोडण्याआधी लिहायचं, रात्री खोलीवर जाऊन नाही. ख्मेरमध्ये लिहिलं तरी चालेल, कारण वही बाईंची आहे. मात्र शब्द आणि साचा इंग्रजीत हवा. नवा स्वयंसेवक पहिले तीन दिवस काहीही शिकवत नाही. वही वाचतो, मागे बसतो, मुलांची नावं पाठ करतो. जुना आणि नवा निदान दोन दिवस एकत्र असले पाहिजेत. मुक्कामाची किमान मुदत चार आठवडे, आणि खरं पाहता बारा आठवड्यांचं एक सत्र पूर्ण करणारा माणूसच उपयोगी.

या सगळ्यात सर्वांत मोलाचा तास मुलांशिवायचा आहे. वर्ग सुटल्यावर रोज एक तास स्वयंसेवक आणि नेअक क्रू समोरासमोर बसतात. उद्याच्या पाठाची तालीम होते, बाईंचे उच्चार दुरुस्त होतात, बाई व्याकरणाच्या शंका विचारतात. आठवड्याला पाच तास एकाच माणसाला मिळतात, आणि तो माणूस पुढची कित्येक वर्षं साठ मुलांपुढे उभा राहणार असतो. परदेशी पाहुण्याकडे देण्यासारखं जे काही आहे ते इथे सर्वांत कमी वाया जातं. गंमत म्हणजे एजन्सीच्या जाहिरातीतल्या एकाही फोटोत हा तास दिसत नाही.

साहित्याचं थोडक्यात. लहान पाट्यांसाठी ए-फोर पांढरा पुठ्ठा पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, वर व्हाइटबोर्ड मार्कर चालतो आणि जुन्या सुती कापडाने पुसता येतं. मुलामागे एक, वर पाच जादा. मार्कर आडवे ठेवावेत, उभे ठेवले की उन्हाळ्यात लवकर कोरडे पडतात. साधी कागदी कार्डं मे ते ऑक्टोबरच्या पावसात दमट होऊन वळतात, लॅमिनेशन हवंच. आणि पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की शिक्षकाचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही. म्हणून न बोलता करायची कामं कायम तयार असावीत : कार्डांच्या जोड्या लावणं, अनुलेखन, पाटीवर चित्र काढून खाली शब्द लिहिणं.

सूचना तीन-चार शब्दांच्या आणि रोज त्याच. 'ओके, सो नाऊ वी आर गोइंग टू' अशा लांबणीत मूल हरवतं. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवू नये, तिथे डोकं पवित्र मानतात. पाय मुलांकडे किंवा बुद्धमूर्तीकडे करून बसू नये. चपला बाहेर.

शनिवार-रविवारचा प्रस्ताव

एजन्सीने एक जोडकाम सुचवलं : सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवकांना जवळच्या अनाथाश्रमात मुलांशी खेळायला न्यायचं. हे साफ नाकारावं, आणि नाकारताना कारण सांगावं. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथाश्रमांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली आणि तिथल्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते, असं युनिसेफच्या सहकार्याने झालेल्या २०११ च्या अभ्यासात दिसलं. देणगी देणारे पाहुणे येतात म्हणून आश्रम भरतात, आणि आश्रम भरायला गरीब घरातली मुलं 'शिक्षणासाठी' आणली जातात. अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेमुळे आणि पर्यटनामुळे होणारी हानी रोखावी, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर २०१९ च्या ठरावात सदस्य देशांना सांगितलं आहे.

वर्गाचे नियमही त्याच धाग्यातले. कोणताही स्वयंसेवक मुलाबरोबर एकटा राहणार नाही. मुलाला घरी, खोलीवर किंवा मोटरसायकलवरून नेणार नाही. चेहरा दिसेल असा फोटो समाजमाध्यमावर टाकणार नाही. एका मुलाला भेटवस्तू किंवा पैसे देणार नाही, द्यायचंच असेल तर वर्गाला द्यायचं. येण्याआधी पोलीस पडताळणीचा दाखला. भारतातून जाणाऱ्याला तो पासपोर्ट कार्यालयामार्फत पीसीसी म्हणून मिळतो. दाखला न मागणारी संस्था असेल तर तिकडे जाऊच नये.

पैशाची गाठ

मुदत चार आठवडे केल्याबरोबर अर्ज घटले आणि एजन्सीकडून येणारा पैसाही घटला. सुधारणा इथेच कोलमडतात, कारण वर्गाचं भाडं, साहित्य आणि बाईंचा पगार त्याच पैशातून निघतो. दोन आठवड्यांची मुदत मुलांच्या गरजेतून ठरलेलीच नव्हती. ती ग्राहकाच्या रजेवरून ठरली होती.

इथे निवडलेला मार्ग असा. नेअक क्रूचा पगार हा पहिला खर्च मानायचा आणि सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवल्याशिवाय दुसरं काही विकत घ्यायचं नाही. लहान मुलांच्या तीन तुकड्यांऐवजी दोनच, २४-२४ च्या. उरलेल्या जागी हॉटेलात आणि दुकानात काम करणाऱ्या तरुणांसाठी संध्याकाळी सशुल्क वर्ग. त्यांना ग्राहकाशी बोलायचं इंग्रजी हवंच असतं आणि माफक शुल्क ते भरतात. मुलांचा वर्ग मोफतच राहतो. स्वयंसेवक नसलेल्या महिन्यातही वर्ग त्याच वेळी भरतो, ही या रचनेची खरी कसोटी. २०२० मध्ये पर्यटक यायचे थांबले तेव्हा निव्वळ पाहुण्यांच्या जोरावर चालणाऱ्या वर्गांपुढे कुलूप लावण्यावाचून पर्याय नव्हता.

मराठी माणसाने जायचं ठरवलं तर

अनेक एजन्सी 'मातृभाषा इंग्रजी' अशी अट घालतात आणि भारतीय अर्ज बाजूला ठेवतात. थेट वर्ग चालवणाऱ्या संस्थांकडे ही अट सैल असते, तिथेच विचारावं. सिएम रीपमध्ये मुलांना पुढे ज्यांच्याशी बोलायचं आहे ते पर्यटक चिनी, कोरियन, युरोपीय असे सगळीकडचे असतात, त्यामुळे आपल्या उच्चारांची लाज बाळगायचं कारण नाही. मात्र 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपण दोन्ही 'व'च म्हणतो, तेवढं जाण्याआधी घोटून घ्यावं. १२० तासांचा इंग्रजी अध्यापनाचा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी मागतात. त्यातला प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचा भाग किती, हे आधी पाहावं, कारण नुसता ऑनलाइन वाचलेला अभ्यासक्रम पहिल्या पावसात निकामी ठरतो.

एक सोय आपल्याला आयती मिळते. ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या लिपीतून आलेली आहे आणि तिची वर्णमाला क, ख, ग, घ, ङ याच क्रमाने मांडलेली आहे. उच्चार बदललेले असले तरी मांडणी ओळखीची असल्यामुळे मराठी माणूस मुलांची नावं ख्मेरमध्ये लिहायला लवकर शिकतो.

पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, ते बिनपगारी असलं तरी. लांबच्या मुक्कामासाठी साधारणपणे 'ई' प्रकारचा व्हिसा घेऊन देशात मुदतवाढ करतात आणि कामाचा परवानाही लागतो. संस्थेने हे लेखी सांगायला हवं. 'पर्यटक म्हणून या, कुणी विचारत नाही' असं उत्तर आलं तर संस्थेची बाकीची कागदपत्रंही तशीच असणार. एप्रिलच्या मध्यात ख्मेर नववर्ष आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्चुम बेन हा पितरांचा सण, या दोन काळांत गाव घरी किंवा देवळात असतं, वर्ग भरत नाही. रजा काढताना हे पाहावं.

आणि हातात खरोखर दोनच आठवडे असतील तर मुलांचा वर्ग घेऊ नये. बाईंसोबतचा रोजचा तास घ्यावा, पुढच्या सत्राची चित्रं आणि शब्दपट्ट्या करून ठेवाव्यात, १८० शब्द आणि बारा साचे स्वच्छ आवाजात ध्वनिमुद्रित करून बाईंच्या फोनवर द्यावेत.

जे सुटलं नाही

भात लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत हजेरी पडतेच, त्यावर उपाय सापडलेला नाही. त्या आठवड्यांत नवीन साचा घ्यायचा नाही, एवढंच ठरवता आलं. काही मुलं पालकांबरोबर परगावी मजुरीसाठी जातात आणि महिन्यांनी परततात. त्यांच्यासाठी टाचण वहीतून गाळलेल्या आठवड्यांचे शब्द काढून देता येतात, त्यापलीकडे फारसं नाही.

दुसरी अडचण रचनेतूनच उगवली. वर्षभर रोज तासभर सराव केलेल्या नेअक क्रूचं इंग्रजी आता इतकं सुधारलं आहे की शहरातलं हॉटेल तिला वर्गाच्या पगारापेक्षा जास्त देऊ शकतं. तिला अडवणं बरोबर नाही आणि तेवढा पगार वर्गाला परवडत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षापासून संध्याकाळच्या सशुल्क वर्गातली एक मुलगी आठवड्यातले दोन दिवस सकाळी बाईंच्या शेजारी बसते, उजळणीची १० मिनिटं तीच घेते आणि वहीतलं पान तिच्याच अक्षरात असतं.